वाचकांचे प्रश्न : सिल्व्हिया हे नाव नेमकं कोणाचं?

ह्या महिन्यात पत्रं आणि व्हॉट्सॲपवरचे मेसेज मिळून बरेच प्रश्न आलेत, पण पहिल्याच प्रश्नात मी अशी गुंतले की त्याच्याशी जुळणारे तेवढेच निवडले, खत-फवारणीचे आणि बाकीचे पुढच्या अंकात घेते.

प्रश्न : नमस्कार ताई. मी मेहकर तालुक्यातल्या खेड्यावरून लिहून राहिलो. कपाशी, तूर, सोयाबीन अन् हिवाळ्यात हरभरा असते. हरभऱ्यावर रोही अन् डुकरं लय तरास देतात म्हणून जागलीले जाव लागते, रातभर मचाणावर बसून मोबाईलवर काही ना काही वाचत राहतो. सुट्टीच्या दिवशी पोरगी पण येते, आठवीत आहे. तिनं वाचलं का सिल्व्हिया नावाचा लघुग्रह आपल्या मद्रासवरून सापडला होता. पण एका जागी लिहिलं हे नाव फ्रान्सच्या एका खगोलशास्त्रज्ञाच्या बायकोचं आहे, अन् दुसऱ्या जागी लिहिलं रोमच्या गोष्टीतल्या बाईचं. पोरगी म्हणते बाबा दोन्ही खरं कसं असंन? मले काही सांगता आलं नाही. तुमीच सांगा.
– एक शेतकरी वाचक, मेहकर तालुका

उत्तर : दादा, पोरगी बरोबर बोलली, दोन्ही खरं नाही. नाव रोमच्या गोष्टीतल्या बाईचंच आहे आणि हे मी अंदाजानं सांगत नाही, ज्यानं नाव ठेवलं त्यानंच ते लिहून ठेवलंय.

तो माणूस म्हणजे नॉर्मन पॉगसन. इंग्लंडातल्या नॉटिंगहॅमचा, १८६१ च्या सुरुवातीला मद्रासच्या वेधशाळेत सरकारी खगोलशास्त्रज्ञ म्हणून आला आणि १८९१ मध्ये वारला तोवर तिथंच होता. आल्या आल्या एप्रिलमध्येच त्याला एक लघुग्रह सापडला, त्याचं नाव ठेवलं एशिया, कारण आशिया खंडातून सापडलेला तो पहिलाच. मग १८६४ मध्ये सॅफो, आणि १६ मे १८६६ ला ही सिल्व्हिया, क्रमांक ८७. म्हणजे तोवर जगात सगळे मिळून एवढेच लघुग्रह माहीत होते, आज नंबर मिळालेलेच आठ लाखांच्या वर आहेत.

आता सापडला म्हणजे कसा, हे पोरीला नक्की सांगा, कारण तुमच्याइतकं हे कोणाला कळणार नाही. तेव्हा आकाशाचे फोटो काढून लघुग्रह शोधायची सोय नव्हती. दुर्बिणीतून आकाशाचा एक तुकडा बघायचा, त्यातली एकेक चांदणी नकाशाशी ताडून पाहायची, दुसऱ्या रात्री परत तोच तुकडा. सगळ्या चांदण्या जागच्या जागी आणि एकच टिपका सरकलेला दिसला की समजायचं हा तारा नाही. तुम्ही जागलीवर काय करता, धुऱ्यावरची झुडपं कोणती कुठं आहेत हे तुम्हाला अंधारातही पाठ असतं, आणि मघाशी तिथं नव्हतं असं एक काळं ठिपूस दिसलं की तुम्ही उठून बॅटरी मारता. पॉगसन तेच करत होता, मद्रासच्या मे महिन्याच्या उकाड्यात.

तो एकटा नव्हता हेही सांगते, कारण हे सहसा कोणी सांगत नाही. त्याच वेधशाळेत चिंतामणी रघुनाथाचारी होते, त्यांनी १८६७ मध्ये आर रेटिक्युली नावाचा तेज कमीजास्त होणारा तारा शोधला. आणि पॉगसनची स्वतःची मुलगी, तिचं नाव आयसिस, तीही १८७३ पासून पंचवीस वर्षं त्या वेधशाळेत आकडेमोडीचं काम करत होती. आयसिस नावाचा एक लघुग्रह पण आहे बरं, क्रमांक ४२, तो तिच्याच बापानं मद्रासला यायच्या आधी १८५६ मध्ये ऑक्सफर्डला शोधलेला. आठवीतल्या पोरीला हे आवडेल म्हणून लिहिलं.

आता नावाकडं येते. सिल्व्हिया सापडल्याची बातमी १८६६ मध्येच लंडनच्या रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीच्या मासिकात छापून आली आणि तिथंच पॉगसननं सांगितलं की हे नाव ऱ्हिया सिल्व्हियावरून, रोम्युलस आणि रीमसच्या आईवरून निवडलंय. मग फ्रान्सची बायको आली कुठून? कामिय फ्लामारियों म्हणून फार नावाजलेले खगोलशास्त्रज्ञ आणि लेखक होते, त्यांच्या पहिल्या बायकोचं नाव सिल्वी. नाव सारखं दिसलं, आणि खगोलातल्या लोकांनी एकमेकांच्या घरच्यांची नावं लघुग्रहांना दिल्याची उदाहरणं तर ढीगभर, म्हणून पुढं कुणीतरी जोडून टाकलं आणि ते एका पुस्तकातून दुसऱ्या पुस्तकात उतरत गेलं. पण बघा ना, त्या दोघांचं लग्न झालं १८७४ मध्ये, आणि नाव पडलं १८६६ मध्ये, आठ वर्षं आधी. नुसता साल लावून पाहिला असता तरी शंका आली असती.

मला ह्या प्रश्नानं इतकं धरून ठेवलं त्याचं कारण घरचंच आहे. आमच्याकडं एका वावराला घोड्याचं वावर म्हणतात. आपल्याकडं प्रत्येक वावराला नाव असतंच, विहिरीचं, आंब्याचं, नाल्यावरचं, पण आमच्या घरी घोडा पाहिलेला कोणी जिवंत माणूस नाही. वडील म्हणायचे पणजोबांचा घोडा तिथं पुरलाय, काका म्हणायचे तिथं पूर्वी घोड्यांचा बाजार भरायचा, दोघंही अगदी ठामपणे, आणि आम्ही पोरं ज्याच्या मांडीवर बसू त्याची गोष्ट खरी धरायचो. मग काही वर्षांपूर्वी लोखंडी पेटीतून जुनं खरेदीखत निघालं, घड्यांवर चिरलेलं, हात लावला की कडा भुग्यासारख्या गळायच्या, मोडीत लिहिलेलं. मोडी वाचता येणाऱ्या एका गृहस्थांकडं नेलं तर त्यांनी भिंग लावून एकेक ओळ वाचली आणि एका ओळीवर थांबले, लिहिलं होतं की घोडी विकून आलेल्या पैशातून ही जमीन घेतली. बस, एवढीच ओळ. घोडा पुरला नव्हता, बाजारही नव्हता, एक घोडी विकली होती. त्या दिवशी मला पणजोबांचा चेहरा पहिल्यांदा दिसल्यासारखा वाटला, कारण पायाखालचं जनावर विकून माणूस जमीन घेतो तेव्हा त्याला ती किती हवी असेल. पॉगसनची ती छापील ओळ म्हणजे असंच खरेदीखत आहे दादा, ते सापडलं की बाकीच्यांचं ऐकायची गरज राहत नाही.

आणि खरी गंमत पुढंच आहे. ऱ्हिया सिल्व्हियाची गोष्ट अशी की तिच्या बापाचं राज्य तिच्या काकानं लुबाडलं, आणि हिला मूल झालं तर ते उद्या राज्य मागेल ह्या भीतीनं तिला देवळातल्या अग्नीची जन्मभर कुमारी राहणारी सेविका करून टाकलं. आपला कंस तसाच. पण तिला मार्स देवापासून, म्हणजे आपण ज्याला मंगळ म्हणतो त्याच्यापासून, जुळे मुलगे झाले. त्यांना तायबर नदीत सोडून दिलं, कर्णासारखं, टोपली काठाला लागली आणि एका लांडगिणीनं त्यांना दूध पाजून जगवलं. तेच रोम्युलस आणि रीमस, आणि रोम्युलसवरून रोम शहर. सिल्व्हा म्हणजे लॅटिन भाषेत रान, तर सिल्व्हिया म्हणजे आपल्याकडच्या वनमालाच्या जवळचं नाव.

पॉगसनला १८६६ मध्ये दुर्बिणीत फक्त एक टिपका दिसत होता. त्यानंतर एकशे पस्तीस वर्षांनी, फेब्रुवारी २००१ मध्ये, हवाई बेटांवरच्या केक नावाच्या मोठ्या दुर्बिणीतून दिसलं की सिल्व्हियाभोवती एक लहानसा चंद्र फिरतोय. मग २००४ मध्ये चिलीतल्या व्हेरी लार्ज टेलिस्कोपनं घेतलेल्या फोटोंत दुसरा सापडला, २००५ मध्ये ते जाहीर झालं. दोन चंद्र असलेला लघुग्रह तोवर कोणी पाहिलाच नव्हता, हा पहिला. आणि त्यांची नावं काय ठेवायची हा प्रश्नच पडला नाही, आईचं नाव दीडशे वर्षांपूर्वी मद्रासला ठेवून झालेलं होतं, जुळे मुलगे आता सापडले, रोम्युलस आणि रीमस. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा अंगावर काटा आला होता, आत्ता लिहिताना परत आला.

रोम्युलस साडेतेराशे किलोमीटरवरून साडेतीन दिवसांहून थोडा जास्त वेळ घेऊन फेरी मारतो, रीमस जवळ आहे, सातशे किलोमीटरवर, त्याची फेरी साधारण तेहेतीस तासांत होते. सिल्व्हिया स्वतः गोल नाही, बटाट्यासारखी लांबुळकी, लांबी साडेतीनशे किलोमीटरच्या वर, म्हणजे नागपूरपासून जळगावपर्यंत सरळ रेघ ओढा तेवढी. एवढं मोठं धूड आणि पाच तास अकरा मिनिटांत स्वतःभोवती एक गिरकी घेतं. आणि एवढं असून वजनाला हलकं. त्या चंद्रांच्या फेऱ्यांवरूनच वजन काढता आलं, तर तेवढ्याच पाण्यापेक्षा थोडंसंच जड निघालं. आपला विहिरीतला काळा पाषाण पाण्याच्या जवळपास तिप्पट जड असतो. त्यावरून म्हणतात की सिल्व्हिया हा एकसंध खडक नसावा, ट्रॉलीतून ओतलेल्या दगड-मुरमाच्या ढिगासारखं तिचं अंग असावं, आत पोकळ्याच पोकळ्या.

राहते कुठं, तर मंगळ आणि गुरू यांच्यामध्ये लघुग्रहांचा पट्टा आहे त्याच्या पार बाहेरच्या अंगाला, सूर्यापासून सरासरी बावन्न कोटी किलोमीटर. आपल्यापेक्षा साडेतीन पट लांब. तिचं एक वर्ष म्हणजे आपली साडेसहा वर्षं. पट्ट्याच्या मुख्य दाटीनंतर एक मोकळी जागा लागते, गुरूच्या ओढीमुळं तिथं लघुग्रह टिकत नाहीत, आणि त्या मोकळ्या जागेच्याही पलीकडं सिल्व्हिया आहे, गावाच्या शिवेपलीकडच्या वस्तीसारखी. मचाणावरून नुसत्या डोळ्यांनी नाही दिसणार, दुर्बीण लागेल, आणि ती कुठं शोधायची ह्याचा नकाशाही. पण ज्या बाजूला सूर्य, चंद्र आणि ग्रह सरकत जाताना दिसतात त्या वाटेच्या आसपासच ती असते, एवढं पोरीला दाखवता येईल.

प्रश्न : ताई, मागच्या महिन्यात तुमच्याशी फोनवर बोलले होते ती मी, वाशिम जिल्ह्यातली शिक्षिका. मद्रासवरून शोधलेल्या लघुग्रहांची नावं एशिया, सॅफो, सिल्व्हिया, व्हेरा. सगळं परकंच. आपलं एकही नाव काऊन नाही? मुलं विचारतात.

उत्तर : तेव्हाची रीतच तशी होती बाई. सुरुवातीला सगळी नावं ग्रीक आणि रोमन देवींची, त्यात शोधणारा साहेब, त्यानं आपल्या ओळखीच्या गोष्टीतून घेतलं. मला त्याचा राग येत नाही, सप्तर्षींनाच बघा, पुस्तकात ते सात ऋषी, आणि माझी आजी अंगणात पडल्या पडल्या दाखवायची ते म्हातारीचं खाटलं आणि ते चोरायला आलेले तीन चोर. वरती बघून माणूस घरातलंच काहीतरी आठवतो.

पण मुलांना सांगण्यासारखं आहे. पहिला लघुग्रह सेरेस, १ जानेवारी १८०१ ला सिसिलीत सापडला, सेरेस म्हणजे रोमन लोकांची धान्याची देवी. शोधणाऱ्यानं त्याच्यामागं राजाचं नाव लावलं होतं, फर्दिनांदेया. १८४९ मध्ये नेपल्सहून हायजिया सापडला, हाही बाहेरच्या पट्ट्यातला आणि तिथला सगळ्यात मोठा, त्याच्या नावातही तिथल्या राजघराण्याचं बोर्बोनिका चिकटवलं होतं. दोन्ही शेपट्या गळून पडल्या. राजे कोणी लक्षात ठेवले नाहीत, धान्याची देवी आणि आरोग्याची देवी तेवढ्या राहिल्या.

आणि आपली नावं नाहीत असं आता म्हणता येत नाही. मद्रासच्या त्या व्हेरानंतर शंभरावर वर्षं भारतातून एकही लघुग्रह सापडला नाही, मग फेब्रुवारी १९८८ मध्ये तमिळनाडूतल्या कावलूर वेधशाळेतून आर. राजमोहन यांना सापडला आणि त्याचं नाव पडलं रामानुजन, क्रमांक ४१३०. त्या वेधशाळेला ज्यांचं नाव आहे ते वेणू बाप्पू, त्यांच्या नावाचा २५९६ क्रमांकाचा आहे. बुद्धिबळाच्या विश्वनाथन आनंदच्या नावाचा एक आहे, जपानमध्ये सापडलेला. आणि २०१९ मध्ये पंडित जसराज यांचं नाव एकाला दिलं, त्याचा क्रमांक ३००१२८. पंडितजींचा जन्म २८ जानेवारी १९३०. फळ्यावर २८-०१-३० लिहा आणि मुलांना एकेक जोडी धरून उलटीकडून वाचायला लावा, कोणाच्या लक्षात येतं ते बघा.

प्रश्न : आमचा सर्जा बैल ह्या पोळ्याच्या आधी गेला, सतरा वर्षं होता. त्याचं नाव आकाशात देता येते का? लोकं हासतील म्हणून नाव देत नाही. – यवतमाळ जिल्हा

उत्तर : कोणी हसणार नाही भाऊ. सतरा वर्षं ज्यानं तुमचं वावर वाहिलं त्याच्यासाठी असं वाटणारच. पण जे आहे ते सांगते. लघुग्रहाला नाव सुचवायचा हक्क तो ज्यानं शोधला त्याचा, नंबर मिळाल्यापासून दहा वर्षं, आणि मग आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघटनेची एक समिती ते मंजूर करते. नियम आहेत, इंग्रजी अक्षरांत लिहिलं तर सोळापेक्षा जास्त अक्षरं नकोत, उच्चारता यावं, कुणाचा अपमान नको, राजकारणातल्या किंवा लढाईतल्या माणसाचं नाव त्याला जाऊन शंभर वर्षं झाल्याशिवाय नाही. आणि पाळीव जनावरांची नावं टाळा असं ते सांगतात. त्याचं कारण एक मांजर आहे. १९७१ मध्ये सापडलेल्या एका लघुग्रहाला शोधणाऱ्यानं मिस्टर स्पॉक हे आपल्या मांजराचं नाव दिलं, त्याच्यावरून बरीच कुरबूर झाली. म्हणून सर्जाचं अवघड आहे. तुमच्या वावराला मात्र त्याचं नाव द्या, त्याला कोणाची परवानगी लागत नाही, आणि का दिलं ते एका वहीत तारखेसकट लिहून ठेवा.

प्रश्न : मॅडम, ऑनलाईन पैसे भरले की ताऱ्याला आपलं नाव देतात अन् सर्टिफिकेट घरी येते, हे खरं का? अन् आपल्या एखाद्या गावाचं नाव वरती जाऊ शकते का? आम्ही लोणारजवळचे आहो. – दोन कॉलेज विद्यार्थी

उत्तर : पैशाचं पहिले. नाही रे पोरांनो, ते सर्टिफिकेट विकणाऱ्याच्या घरचं असतं, खगोलशास्त्रात ते नाव कोणी वापरत नाही. नावं विकत मिळत नाहीत, लघुग्रहांची तर नाहीच नाही. तेवढ्या पैशात एक बरी द्विनेत्री दुर्बीण घ्या, गुरूचे चार चंद्र त्यातून दिसतात.

नाव द्यायचंच असेल तर शोधण्याचा रस्ता खुला आहे. शाळा-कॉलेजच्या मुलांसाठी एक आंतरराष्ट्रीय लघुग्रह शोधमोहीम चालते, फुकट असते. हवाईतल्या पॅन-स्टार्स दुर्बिणीचे फोटो मुलांच्या गटाला मिळतात, एकाच जागेचे थोड्या थोड्या वेळानं घेतलेले, ते कॉम्प्युटरवर एकामागून एक फिरवायचे आणि सरकणारा टिपका धरायचा. पॉगसनचीच रीत, फक्त डोळा दुर्बिणीला लावायच्या ऐवजी स्क्रीनला. भारतातली पुष्कळ मुलं त्यात भाग घेतात. टिपका सापडला म्हणजे लगेच नाव असं नाही, त्याची कक्षा पक्की होऊन नंबर मिळायला कित्येक वर्षं जातात. घाई असलेल्याचं हे काम नाही, पण इंटरनेट आणि एक चालू कॉम्प्युटर एवढंच लागतं, आणि ते आता तालुक्याच्या कॉलेजात असतं.

गावाचं विचारलं ते वाचून मला फार आनंद झाला, कारण तुम्ही विचारताय ते होऊन बसलंय. लोणारचं सरोवर आकाशातून आलेल्या दगडाच्या धडकेनं, काळ्या पाषाणात झालेलं, एक किलोमीटर आठशे मीटर रुंद, हे तुम्हाला मी काय सांगू. नावाची गोष्टही गावात सगळ्यांना माहीत आहे, लवणासुराला विष्णूनं मारलं, दैत्यसूदनाचं देऊळ त्याचंच. मंगळावर जी लहान विवरं आहेत त्यांना पृथ्वीवरच्या लहान गावांची नावं द्यायची अशी पद्धत आहे, एक लाखाच्या आत वस्ती असलेल्या गावांची, मोठी शहरं चालतच नाहीत, मुंबई-पुण्याला तिथं जागा नाही. आणि मंगळाच्या उत्तरेकडच्या एका विवराचं नाव आहे लोणार. मंगळाचा नकाशा उघडून बघा, सापडेल. मेहकरच्या दादांच्या पोरीलाही सांगा कोणी, मंगळ मचाणावरून नुसत्या डोळ्यांनी दिसतो, तांबूस असतो आणि लुकलुकत नाही.